पिराजीची दहावी सळी

पडदा वर जातो. मागच्या बाजूला एकच रंग आहे, निळा, आणि तो इतका कोरडा की रंगवणाऱ्याने पाणी न घालताच फासला असावा. खाली काळी जमीन. तिला भेगा पडल्या आहेत, हाताची मूठ सहज आत जाईल अशा. डाव्या विंगेत एक बाभळ, तिच्यावर पान नाही. संगीत म्हणाल, तर लांबून लोखंडी कडीवर कडी घासल्याचा आवाज येतो. खळ्ळ. मग थांबतो. मग पुन्हा खळ्ळ.

तो आवाज साखळीचा. बहात्तरच्या दुष्काळातला फाल्गुन, रेणापूरचं शिवार आणि मोजणी खात्याची तेहतीस फुटी साखळी. जुनी माणसं तिला अजून निजामाच्या अमदानीतल्या नावाने जरीब म्हणत. साखळीच्या पुढच्या टोकाला मलप्पा, निलंग्याकडचा, घरात कानडी बोलणारा, उंच आणि बडबड्या. मागच्या टोकाला पिराजी सोनकांबळे, रेणापूरच्याच वस्तीतला. आपल्याला बघायचं आहे ते या मागच्या माणसाकडे. नाटकात काही माणसं जन्मभर भाला धरून मागच्या रांगेत उभी राहतात. त्यांना वाक्य नसतं, टाळी नसते, पण ती नसली तर दरबार भरत नाही. पिराजी त्या जातीचा.

दोघांचं काम सरळ होतं. मलप्पाच्या हातात दहा लोखंडी सळ्या असत. प्रत्येकीच्या डोक्याला कडी आणि कडीला लाल चिंधी. तो साखळी ओढत पुढे जायचा आणि ती ताठ झाली की टोकाशी एक सळी रोवायचा. पिराजी त्या सळीपाशी पोचला की साखळीचं आपलं टोक तिला टेकवून धरायचा. मलप्पा पुढची सळी रोवायचा. मग पिराजी आपल्या पायाजवळची उपटून घ्यायचा आणि दोघे पुढे निघायचे. पिराजीच्या हातात जितक्या सळ्या, तितक्या साखळ्या अंतर. दहाच्या दहा हातात आल्या की तो हाक द्यायचा, "दहा झाल्या, मलप्पा. घे, हो पुढं." मलप्पा मागे येऊन सळ्या मोजून घ्यायचा, कानडीत "हत्तू" म्हणून शिक्का मारायचा, आणि त्याच दहा सळ्यांवर पुढचं अंतर सुरू व्हायचं. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. अर्ध्या तालुक्याच्या हद्दी या दोघांच्या चार हातांतून गेल्या होत्या, आणि दोघेही अजून रोजंदारीवरच होते.

आता त्या दिवसाच्या आठच दिवस आधीची गोष्ट.

पिराजीची मुलगी पंचशीला लातूरच्या वसतिगृहात राहून नववीत शिकत होती. घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी ही झाली, म्हणून नाव पंचशीला. दुष्काळामुळे वसतिगृहात पाणी नव्हतं, तेव्हा मुलींना घरी पाठवून दिलं होतं. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "बाबा, आमच्या बाई म्हणल्या, सूर्याच्या पलीकडं पण सूर्य हायत. त्यांच्या पलीकडं अजून. तुम्ही सगळ्यांच्या हद्दी मोजता. मग या सगळ्याची हद्द कुठं हो?"

पिराजीचा घास हातातच राहिला. त्याची बायको धुरपताबाई चुलीपासून म्हणाली, "आधी भाकर संपव. तिची हद्द मला म्हाईत हाय. डब्यात पीठ न्हाई."

पोरगी हसली आणि विसरून गेली. पिराजी विसरला नाही. झोपताना तो धुरपताबाईला म्हणाला, "तुला सांगू का, मला आजपातुर लई जणांनी कामं सांगितली. हे कर, ते उचल, तिथं हुभा ऱ्हा. पर प्रश्न कुणी इचारला न्हाई. पोरीनं पयला इचारला, अन् तो बी केवढा."

"मग द्या की उत्तर."

"तेच बघून राहिलो."

आणि तो खरोखर बघत राहिला. साखळीचं टोक धरून उभं राहताना त्याला दुसरं काम नसायचं. मलप्पा सळी ठोकेपर्यंतचा वेळ त्याचा होता, आणि तो वेळ त्याने या प्रश्नाला देऊन टाकला. विचाराची त्याची रीत त्याच्या धंद्यातली होती. हद्द म्हटली की दगड आला. दगड म्हटला की त्याला दोन बाजू आल्या, अलीकडचा धनी आणि पलीकडचा शेजारी. एकाच बाजूचा दगड त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. मग सगळ्या चांदण्या संपल्यावर जर दगड असला, तर त्याच्या पलीकडच्या बाजूला कोण? कुणी असलं तर ते संपलं कुठं? आणि दगडच नसला, साखळी नुसती जातच राहिली, तर? या दुसऱ्या बाजूला आला की तो साखळीचं टोक घट्ट धरायचा. लहानपणी झोका फार वर गेला की दोर धरायचा तसं. भीती म्हणावी तर ती हवीशी वाटायची.

अशा मनाने तो त्या दिवशी मनकर्णाबाईच्या शेतात उभा होता.

मनकर्णाबाई विधवा. नवऱ्यामागे वाटणी झाली तेव्हा उत्तरेचा तुकडा दीर ग्यानोबाकडे गेला, दक्षिणेचा तिच्याकडे. मधला बांध नांगरता नांगरता झिजून नाहीसा झाला होता. तिने दोन गडी लावून, स्वतः टोपल्या ओढून विहीर खोदली, आणि साऱ्या शिवारातल्या विहिरी आटल्या असताना त्या विहिरीला पाणी लागलं. पाणी लागल्याबरोबर ग्यानोबाला आठवण झाली की विहीर बहुतेक आपल्या हद्दीत आहे. तोही काही राक्षस नव्हता. त्याच्या दावणीला सहा जनावरं होती आणि ती त्याच्याकडे बघत होती. दोघांनी मोजणीचा अर्ज केला.

जुन्या मोजणीच्या टिपणात स्पष्ट होतं. उत्तरेच्या दगडापासून साडेसात साखळ्यांपर्यंत ग्यानोबा, पुढे मनकर्णाबाई. मोजणीदार साहेबांनी साखळी लावायला सांगितली. ऊन असं की लोखंडाला हात लावला की चटका बसत होता. विहिरीच्या काठाशी पोचल्यावर साहेबांनी विचारलं, "किती?"

पिराजीने हातातल्या सळ्या मोजल्या. "सात, साहेब. वर दोन पावलं."

सात आणि दोन पावलं. विहीर ग्यानोबाची. साहेबांनी लिहिलं, पंचांनी अंगठे उठवले, ग्यानोबाने टोपी काढून डोकं पुसलं.  विहिरीच्या काठावर मनकर्णाबाईची घागर होती, ती तिने उचलली, आणि बाजूला घेऊन उभी राहिली. तेवढंच.

संध्याकाळी चावडीच्या ओट्यावर सामान बांधताना पिराजीने सळ्या पिशवीत घातल्या. आपल्या सात, मलप्पाच्या दोन. त्याने पिशवी रिकामी करून पुन्हा मोजल्या. नऊ.

"मलप्पा, सकाळी किती व्हत्या?"

"दहा. रोज असत्यात तेवढ्या."

"मग एक कुठं हाय?"

मलप्पाने विडी पेटवली. "पडली असंल कुठं. लोहाराकडनं करून घिऊ."

"शेतात पडली का वाटंत?"

मलप्पाला आता कळलं की हा काय विचारतो आहे. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वाटंत पडली. माझं ऐक. कागद झाला, अंगठे झाले. तू तोंड उघडलंस तर सायेब म्हनंल, हे रोजंदार कामाचे न्हाईत. मग जा खडी फोडायला. पोरीची शाळा हाय तुझी."

पिराजी ओट्यावर बसला. त्याला ती जागा आठवत होती. शेताच्या मधोमध, रुंद भेगेच्या काठावर मलप्पाने सळी रोवली होती. पिराजी तिथे टोक धरून उभा होता. वर एक घार होती, गोल फिरत चढत होती, आणि तो बघत होता की ती दिसेनाशी होते ती नक्की कुठे. मग मलप्पाचा आवाज आला आणि तो चालू लागला. सळी उपटली का? हाताला आठवण नव्हती. सळी भेगेत गेली होती, आणि तिच्याबरोबर एक अख्खी साखळी, आणि त्या साखळीबरोबर एका बाईची विहीर.

सकाळी साहेब तोंड धूत होते तेव्हा पिराजी समोर जाऊन उभा राहिला. जे झालं ते सांगितलं.

साहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "सळी उपटायचं विसरलास. काय बघत होतास?"

"आभाळ, साहेब."

"पावसाचं काही दिसत होतं?"

"न्हाई. काहीच नव्हतं. ते किती लांबपातुर काहीच न्हाई, ते बघत व्हतो."

साहेबांनी मलप्पाकडे पाहिलं. मलप्पा म्हणाला, "सायेब, मानूस चांगला हाय. पोरीनं डोक्यात किडा सोडलाय."

साहेब तसे भले गृहस्थ. त्यांनी कालचा कागद रद्द केला, पंचांना पुन्हा बोलावलं आणि साखळी पुन्हा लावायला सांगितली. या वेळी पिराजी पायाकडे बघून चालला. आठ साखळ्या आणि दोन पावलं. विहीर मनकर्णाबाईची. ग्यानोबाने टोपी पुन्हा घातली आणि म्हणाला, "एक रात्र तरी जनावरं पोटभर प्याली." त्यावर मनकर्णाबाई म्हणाली, "भावजी, आजबी पाजा. इहीर माझी हाय म्हनून पाणी बंद केलं असं मी कुठं म्हनलं?"

सळी मात्र मिळाली नाही. साहेबांकडे सुतळीचा गुंडा होता. पिराजीने तिचं टोक भेगेत सोडलं आणि सोडत राहिला. सुतळी संपली. भेग संपली नाही.

"बघ," तो मलप्पाला हळूच म्हणाला. "हिलाबी न्हाई."

"तुझ्या येडेपनालाबी न्हाई," मलप्पा म्हणाला.

शिक्षा झाली ती अशी की दोन महिने साखळीवरून कमी. पिराजी दुष्काळी कामावर गेला. लातूरच्या रस्त्यावर चारशे माणसं खडी फोडत बसलेली, मधे मजुरांना खायला वाटायच्या सुकडीच्या पोत्यांचा ढीग. त्याने हातोडी घेतली आणि धुरपताबाईच्या शेजारी बसला, कारण ती आधीपासूनच तिथे होती. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग? आभाळाचा सातबारा निघाला का?"

"तलाठी रजेवर हाय," पिराजी म्हणाला.

आजूबाजूच्या बाया हसल्या. तेव्हापासून त्या कामावर त्याचं नाव 'आभाळवाला' पडलं.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक बाई त्या रांगांमधून विचारत आली, "आभाळ बघनारा कोन हाय हितं?" पन्नास बोटांनी पिराजी दाखवला. ती मनकर्णाबाई होती. तो उठून उभा राहिला.

"तूच का? वर बघता बघता माझी इहीर घालवली व्हतीस."

"व्हय, माय."

"मग सांगितलंस कशाला? कुनाला कळलं असतं?"

पिराजीने हातोडी खाली ठेवली. "मला."

मनकर्णाबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग धुरपताबाईकडे पाहिलं, तिच्या फुटलेल्या ओठांकडे. त्या वर्षी पाण्यासाठी त्यांची वस्ती कुठे आणि कशी उभी राहायची, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. विहिरीपासून लांब, घागर खाली ठेवून, कुणी वरून ओतील तेव्हा.

"ही तुझी मालकीन? बाई, उद्यापसनं घागर घिऊन माझ्या इहिरीवर येत जा. वस्तीतल्या चौघीजणींनाबी आन. आपापल्या हातानं शेंदायचं. मी काही वाढाया बसनार न्हाई, माझी कंबर दुखती."

हातोड्या थांबल्या होत्या. कंबर दुखते हे कारण किती मोठं असू शकतं, ते त्या चारशे माणसांना कळलं. काहींना आवडलं नाही. गावात दोन दिवस कुजबुज झाली. ग्यानोबाला कुणीतरी भडकवायला गेलं, तर तो म्हणाला, "माझी जनावरं त्याच पान्यावर जगून राहिली. मी कोनत्या तोंडानं बोलू?"

धुरपताबाई दुसऱ्या दिवशी गेली. काठावर उभी राहून तिने दोर सोडला आणि घागर बुडल्याचा आवाज ऐकला. घरी येऊन नवऱ्याला एवढंच म्हणाली, "रोज बघत जावा थोडं आभाळ. माझी काही हरकत न्हाई." त्या दिवसानंतर तिने त्याला या गोष्टीवरून टोमणा मारला नाही असं नाही. पण टोमण्यातली मिरची गेली.

नाटकात या जागी अंक संपतो आणि मधे दहा वर्षं जातात. प्रेक्षक चहा पिऊन येतात तेवढ्यात नायकाचे केस पिकतात. पिराजीचेही पिकले. पाऊस आला, भेगा बुजल्या, सळी जमिनीच्या पोटात राहिली. लोहाराने नवी करून दिली, पण तिची कडी जरा मोठी झाली होती. पिराजी दहा मोजताना ती हातात आली की म्हणायचा, "ही पावनी."

आठवड्याच्या सुट्टीला तो मनकर्णाबाईच्या विहिरीवर जाऊन बसायचा. ती कांदे निवडायची, तो बोलायचा. एकदा त्याने तिला विचारलं, "बाई, तुला काय वाटतं? ह्या सगळ्याला शेवट असंल का?"

ती म्हणाली, "मला कसं म्हाईत असनार? इहीर खंदताना मी गड्यांना रोज इचारायची, पाणी किती खाली हाय. ते म्हनायचे, अजून खाली. रोज तेच. अजून खाली. मी म्हनायची, बरं, खंदा. एका दिवशी टोपलीतली माती ओली लागली." मग तिने कांद्याचं साल फुंकरलं. "तुझ्या प्रश्नाला ओल लागली का अजून?"

"कधीमधी लागल्यासारखी वाटती."

विहारातल्या म्हाताऱ्या उपासकांनाही त्याने विचारून पाहिलं. ते म्हणाले, "पिराजी, तथागतांनाबी हे इचारलं व्हतं. जगाला अंत हाय का न्हाई. त्यांनी उत्तर दिलं न्हाई." पिराजीने मनाशी ते एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे प्रश्न इचारनं चूक न्हाई. माझ्याआधीबी कुनी तरी इचारला." त्याला उत्तर न मिळाल्याचं वाईट वाटलं नाही. इतक्या जुन्या काळापासून आपल्याला सोबत आहे याचंच त्याला बरं वाटलं.

पंचशीला शिकून लातुरात मास्तरीण झाली. तिने बापाला मुलांचा पृथ्वीचा गोल आणून दाखवला. त्यावर बोट फिरवत ती म्हणाली, "बाबा, हिला कडा न्हाई. पण ही संपत न्हाई असंबी न्हाई. सरळ चालत गेलं की माणूस निघाल्या जागी येतो. काहीजण म्हणतात, सगळं विश्वच तसं असंल."

पिराजीचे डोळे चमकले. "अगं, शिवार मोजताना आमी तेच करतो. एका दगडावरनं निघायचं, दगडामागून दगड घेत जायचं, अन् शेवटी पयल्याच दगडावर यायचं. न्हाई आलं तर मोजनी चुकली." मग क्षणभराने त्याचा चेहरा पुन्हा विचारात पडला. "पर शिवाराच्या भायेर दुसऱ्या गावाचं शिवार असतंच की गं."

"ते मला न्हाई सांगता येत, बाबा."

"न्हाई तर न्हाई. एवढं आनलंस ते लई झालं."

ब्याऐंशी साल उजाडलं. पिराजी आणि मलप्पा दोघेही आता कायम झाले होते, आणि निवृत्तीला आले होते. ऑगस्टच्या मध्यावर लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादच्या नावाच्या पाट्या उतरल्या, नव्या रंगाच्या चढल्या, कमानी उभ्या राहिल्या, बँड वाजला. मोजणी ऑफिसातही पेढे वाटले. दोघे मित्र ऑफिसच्या पायरीवर बसून पेढा खात होते.

"काल आपन उस्मानाबादेत व्हतो," मलप्पा म्हणाला. "जागचं न हालता लातुरात आलो. एस.टी.चं भाडं वाचलं."

पिराजी हसला. "रातीतून एवढी मोठी हद्द सरकली, अन् मुंगीला कळलं न्हाई, बघ. तिच्या मुलखात काल जे व्हतं तेच आज हाय. मलप्पा, मला वाटतं, हद्द मानसाला लागती. आपन दगड रवतो म्हून ती असती. तिकडं वर कुनी रवला नसंल."

"मग संपत न्हाई म्हन की."

"तसंबी छाती ठोकून म्हनता येत न्हाई."

मलप्पाने पेढ्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. दहा वर्षं त्याने हा विषय हसण्यावारी नेला होता. त्या दिवशी मात्र त्याने खरंच विचारलं. "असं धर की सायेबानं हुकूम काढला. आभाळ मोजा. किती सळ्या लागतील?"

"दहा."

"दहात कसं भागंल?"

"शेतात कसं भागतं? तू पुढं रवत जा, मी मागनं गोळा करून देत जातो. मागं मानूस असला म्हंजे झालं."

मलप्पाने पायरीवरचे पेढ्याचे कण झटकले.  मग तो म्हणाला, "तू तीस वर्षं माझ्या मागं चाललास. मी कधी वळून बघितलं न्हाई, की हा हाय का न्हाई. बघावं लागलं न्हाई."

त्या वर्षअखेर ऑफिसात कापडी फिती आल्या. साखळी कोठीत गेली. सळ्या भंगारात निघाल्या त्या मलप्पाने मागून घेतल्या. नऊ जुन्या आणि ती एक पाहुणी.

पुढच्या साली पिराजीला दम्याने धरलं. खडीची धूळ, शेतांची धूळ, कोण जाणे. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा पंचशीलाने त्याला लातुरात आपल्या घरी आणलं. अंगणात लिंबाखाली बाज टाकली. तो उशीला टेकून बसून राहायचा, कारण आडवं झालं की श्वास लागायचा. आल्यागेल्याला तो हसून सांगायचा, "बरं चाललंय. इथनं लई दिसतं."

पण एक गोष्ट त्याच्या मनात होती, आणि ती धुरपताबाईला माहीत होती. पोरीने दिलेल्या प्रश्नाचं उत्तर तो देऊ शकला नव्हता. तिने त्याला एकदा विचारलंही, "अजून तेच का?" तो म्हणाला, "तिनं पयल्यांदा इचारलं व्हतं. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

अशात एका सकाळी मनकर्णाबाई आली. रेणापूरहून एस.टी.ने, लुगड्याच्या पदराखाली काहीतरी लांबट धरून. पाणी प्याली, पिराजीच्या बाजेवर बसली आणि पदर बाजूला केला.

गंजून तपकिरी झालेली सळी. डोक्याला कडी. चिंधी कुजून गेली होती.

"पाइपाला चर खंदत व्हतो," ती म्हणाली. "इहिरीपासनं वर, भावजींच्या रानात. गड्याची कुदळ ठण्णकन वाजली. म्या वळखली. साडेतीन हात खाली व्हती."

पिराजीने सळी हातात घेतली. अंगठ्याने कडी पुसली. पंचशीला शाळेची तयारी करत होती, ती येऊन उभी राहिली.

"साडेतीनच?" त्याने विचारलं.

"साडेतीनच. हातानं मोजलं."

"अन् म्या तवा एवढी सुतळी सोडली, ती कुठं गेली?"

पंचशीला म्हणाली, "तळाला वेटोळी घालत बसली असंल, बाबा. तुम्ही वरून सोडत राहिलात."

पिराजी हसायला लागला. हसता हसता दम लागला, धुरपताबाईने पाठ चोळली, तरी तो हसतच होता. "ऐकलंस का पोरी? ज्याला तळ न्हाई म्हनत व्हतो, त्याला साडेतीन हातावर तळ व्हता. म्हून मी आता म्हननार न्हाई की तिकडं शेवट न्हाई. अन् हाय असंबी म्हननार न्हाई. मला म्हाईत न्हाई. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. चाललं का?"

पंचशीला बाजेच्या कडेला बसली. तिला तो भाकरीचा दिवस आठवतही नव्हता. बाप इतकी वर्षं काय वाहत होता ते तिला त्या क्षणी कळलं. "चाललं," ती म्हणाली. "आता मी वर्गात मुलांना विचारते."

"इचार. त्यांनाबी कुनी इचारत नसंल."

मनकर्णाबाईकडे वळून तो म्हणाला, "बाई, तुझे उपकार."

"माझे कसले? तुझीच वस्तू व्हती. आमच्या रानात पाव्हनी व्हती."

निरोप गेला तसा दुपारच्या गाडीने मलप्पा आला. येताना पिशवीतून त्या नऊ जुन्या सळ्या घेऊन आला होता. लोहाराने केलेली त्याने घरीच ठेवली होती. तो बाजेजवळ उभा राहिला. नेहमीची थट्टा त्याने पिराजीचा श्वास पाहून सोडून दिली आणि सळ्या मित्राच्या मांडीवर ठेवल्या.

पिराजीने त्या एकेक करून उचलल्या. घाई नव्हती. प्रत्येक सळी डाव्या हातात जात होती, जशी तीस वर्षं गेली होती. मुठीत नऊ झाल्यावर त्याने उशीजवळची गंजकी उचलून त्यांच्यात ठेवली. लिंबाच्या पानांतून ऊन त्याच्या हातांवर पडलं होतं. धुरपताबाई पायथ्याशी होती, पंचशीला उशाशी, मनकर्णाबाई उंबऱ्यात. त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी तो जुडगा मलप्पापुढे धरला.

"दहा झाल्या, मलप्पा. घे, हो पुढं."